केळीच्या खोलीतला महिला तुरुंग

सुनंदाताईंबरोबर फोटो काढून घ्यायला आलेल्या लोकांनी मोबाईल माझ्या हातात दिला, त्या दिवशीच माझ्या भयपटाची सुरुवात झाली.

प्रसंग धुळ्यातल्या एका लग्नाचा. सुनंदाताई म्हणजे माझ्या नणंदबाई. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. राहायला धुळ्यात. अहिराणीत बोलत बोलत बाजारात वांगी निवडतात, भाजीवाल्याला झापतात, आणि त्यांचे यजमान ते मोबाईलवर टिपून यूट्यूबवर टाकतात. एवढंच. यात कथा नाही, पटकथा नाही. पण अकरा लाख लोकांनी त्यांना वांगी घेताना पाहिलं आहे. मी गेली सव्वीस वर्षं जळगावात हायस्कुलात मराठी शिकवते. एम.ए. आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात सतरा नाटकं बसवली. मला वांगी घेताना आजवर फक्त वांगीवाल्याने पाहिलं आहे.

तर त्या लग्नात एक बाई मला म्हणाल्या, "जरा सरका ना, ताईंसोबत फोटो घ्यायचाय. तुम्ही काढता का? आडवा धरा." मी आडवा धरला. एक, दोन, मग रांगच लागली. माझं जेवण राहिलं. आमचे हे लांबून अभिमानाने बघत होते. बायकोकडे नाही, बहिणीकडे.

मला हेवा वाटला असं मी म्हणणार नाही. मला अन्याय वाटला. हेवा आणि अन्याय यांत फरक आहे. हेवा दुसऱ्याला वाटतो, आपल्याला वाटतो तो अन्याय.

पुढच्याच आठवड्यात पेपरात बातमी वाचली. धुळ्याच्या एका सांस्कृतिक मंडळाने खानदेशातल्या हौशी लोकांसाठी लघुपट स्पर्धा ठेवली होती. विभाग तीन : विनोदी, सामाजिक आणि भय. विनोदीत सुनंदाताई असणार हे उघड होतं. सामाजिकमध्ये सगळा खानदेश असणार. भय मोकळं होतं. आणि भीती घालण्याचा मला सव्वीस वर्षांचा अनुभव होता.

आता महिलांचा तुरुंगच का, हे सांगते, कारण पुढे पुष्कळांनी विचारलं. जळगावातल्या पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीचं महिला भजनी मंडळ आहे. आम्ही अकराजणींनी भजनाच्या स्पर्धेसाठी एकसारख्या हिरव्या साड्या घेतल्या होत्या. पुरुष पात्रं मिळणं शक्य नव्हतं, कारण कॉलनीतले पुरुष कामाला म्हटलं की बैठकीला जातात. म्हणजे हाताशी काय, तर एकसारख्या साड्या नेसलेल्या अकरा बायका. अशा बायका जगात दोनच ठिकाणी दिसतात, भजनात किंवा तुरुंगात. भजनाचा भयपट होतो, पण तो आम्ही दर मंगळवारी करतोच.

कथा मी एका रविवारी लिहून काढली. नाव 'बराक नंबर सहा'. निरपराध कैदी नंबर तीनशे दोन तुरुंगात मरते आणि भूत होऊन दुष्ट जेलरबाईचा सूड घेते. भुताची भूमिका अर्थातच मी करणार होते. दुसऱ्या कोणाला देऊन तिच्यावर ओझं टाकणं बरं दिसलं नसतं.

पहिला आक्षेप शेजारच्या उखर्डू आबांचा. ते कोर्टात कारकून होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण कोर्ट त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. "तीनशे दोन चालणार नाही," ते म्हणाले. "खुनाचं कलम आता एकशे तीन झालं. नवा कायदा आला."

"आबा, तो कैदीचा नंबर आहे, कलम नाही."

"लोक कलमच समजतील. भूत कधी मेलं? कायदा बदलायच्या आधी मेलं असेल तर तीनशे दोन ठेव. तारीख दाखव म्हणजे झालं."

कथेत मी तारीख घातली.

मग मला वाटलं, तुरुंग आतून पाहिला पाहिजे. अस्सलपणा यायला हवा. परवानगी कुठून मिळते ते विचारायला मी एका कचेरीत गेले. खिडकीतले गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, "आत कोण आहे तुमचं?"

"कोणी नाही. मला महिलांचा तुरुंग आतून बघायचाय."

त्यांनी चष्मा काढला. "बाई, लोक इथे बाहेर यायचा अर्ज करतात."

तरी त्यांनी लेखी अर्ज करायला सांगितलं. अर्ज आबांनी लिहून दिला. त्यात 'अर्जदार महिलेस कारागृहात प्रवेश मिळणेबाबत' असं ठळक अक्षरांत होतं. त्याची झेरॉक्स काढायला मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. मूळ अर्ज तिथेच काचेवर विसरला.

संध्याकाळी समोरच्या प्रमिलाबाई डबा घेऊन दारात उभ्या. प्रमिलाबाई साक्रीकडच्या. मंडळात नवीन आलेल्या, म्हणून त्यांच्याकडे तेवढी हिरवी साडी नव्हती. डोळ्यांत पाणी आणून त्या म्हणाल्या, "ताई, तुम्हनासाठे शेवभाजी आणी. आज तुमले सयपाक सुचणार नाही. कोण गयं वं आत? धुळावाल्या ताई का?"

पाठोपाठ अजून दोघी आल्या. तुरुंग महिलांचा, म्हणजे घरातलीच कोणी बाई. घरात नाव झालेली बाई एकच. शिवाय हल्ली यूट्यूबवर काहीबाही बोललं की धरतात म्हणे. कॉलनीने दुपारी चार ते सहाच्या दरम्यान सुनंदाताईंना अटक करून टाकली होती.

मी ताबडतोब "नाही हो" म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बसा, चहा ठेवते."

खोटं मी एक अक्षर बोलले नाही. फक्त चहा होईपर्यंत, मग पिऊन होईपर्यंत, मग कपबशा विसळून होईपर्यंत खुलासा राहून गेला. तेवढा वेळ तीन बायका माझ्या सोफ्यावर बसून म्हणत होत्या, "एवढं पुढे पुढे करू नये हो माणसाने." काय सांगू, त्या चहाची चव अजून जिभेवर आहे.

साडेसातला हे स्कूटर तशीच फाटकात टाकून पळत आत आले. "सुनंदाला काय झालं?" यांच्या ऑफिसातल्या रुपचंद भाऊंनी धीर दिला होता आणि वकिलाचा नंबरही. मग मला खुलासा करावा लागला. यांनी स्पीकर लावून धुळ्याला फोन केला. मला वाटलं, आता सुनंदाताई चिडतील, रडतील, निदान दोन दिवस जेवणार नाहीत. पलीकडून हसण्याचा आवाज आला. दोन मिनिटं नुसतं हसू. मग म्हणाल्या, "दादा, हे तर कोणी लिहून देणार नाही असं मिळालं!"

तिसऱ्या दिवशी त्यांचा नवा व्हिडिओ आला, 'मी तुरुंगात आहे म्हणे'. चार दिवसांत नऊ लाख लोकांनी पाहिला. अर्ज माझा, अफवा माझी, चहा माझा, आणि नऊ लाख त्यांचे.

तुरुंगाची परवानगी आली नाही. उत्तर मात्र सभ्य होतं. तेव्हा मी माझ्या भावाला, ज्ञानेश्वरला, फोन केला. माहेर माझं सावदा. तिथे भावाच्या केळी पिकवायच्या सहा खोल्या आहेत. लांबट बोळ, दोन्ही बाजूंना जाड जाड दारं, आत गार हवा, खिडकी नाही. दार लावलं की भर दुपारी काळोख. मला वाटलं, एवढा सुरेख तुरुंग सरकारनेही बांधला नसेल.

"काय व अक्का," तो म्हणाला, "केळीच्या खोलीत भूत? गिऱ्हाईक येईल का मग माझ्याकडे?"

"कलेसाठी बहिणीला एक दिवस देणार नाहीस?"

"बुधवारी ये. तीन खोल्या रिकाम्या आहेत. गुरुवारी माल येतो."

कॅमेरा किरणभाऊंचा. किरणभाऊ आमच्याकडच्या सगळ्या लग्नांचं शूटिंग करतात. वीस वर्षं लग्नंच केल्याने त्यांच्या हाताला एक वळण लागलेलं आहे. ते कैद्यांनाही "ताई, जरा पदर नीट, हसा थोडं, मान इकडे" म्हणत. जन्मठेप झालेल्या बायका हसू लागल्या की मी ओरडायचे.

बुधवारी सकाळी क्रूझरमध्ये बसून आम्ही सावद्याला पोचलो. सहाच्या आत परतायचं होतं, कारण प्रत्येकीच्या घरी जेवायला माणसं होती. खोल्यांच्या दारांसमोर मी प्लास्टिकच्या पाइपांना काळा रंग देऊन गज उभे केले. लांबून ते अगदी लोखंडी दिसत. पण पहिल्याच दृश्यात नूतनने, म्हणजे आमच्या पेटीवाल्या बाईने, आवेशात गज धरून "मी निर्दोष आहे!" अशी आरोळी ठोकली आणि दोन गज वाकून तिच्या खांद्यावर आले. ती निर्दोषपणे बाहेर आली. दुसऱ्या वेळेपासून मी सगळ्यांना गजांना हात न लावता आक्रोश करायला सांगितलं.

खोलीत थंडी इतकी की अर्ध्या तासात कैद्यांनी साडीवरून स्वेटर चढवले. हिरव्या साडीवर गुलाबी स्वेटर, आणि वासंती काकूंचा तर मोराचा. मी भूत असल्याने मला स्वेटर घालता येईना. पांढरी साडी, मोकळे केस आणि चेहऱ्याला पीठ. दर दोन मिनिटांनी मला शिंक येत होती. गव्हाचं पीठ नाकाजवळ असलं की भूतसुद्धा शिंकतं.

जेलरबाई प्रमिलाबाई होत्या. खाकी रंगाचा पंजाबी ड्रेस, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. कॉलनीतल्या सगळ्या घरांच्या जादा किल्ल्या गोळा करून तो जुडगा केला होता. वाक्य एकच : "खामोश! हा तुरुंग आहे, माहेर नाही!" ते त्यांनी अकरा वेळा अकरा प्रकारे चुकवलं. अकराव्या वेळी त्या म्हणाल्या, "चूप बठा वं बठ्ठ्या! आठे काय माहेर शे का?" बायका खदखदून हसल्या. मी म्हणाले, "प्रमिलाबाई, शुद्ध बोला. भयपट आहे."

आणि त्याच वेळी बोळाच्या तोंडाशी गाडी थांबली.

"वहिनी! पिच्चर काढताय आणि मला सांगितलं पण नाही?"

सुनंदाताई. धुळ्याहून सावद्यापर्यंत. यांनीच सांगितलं असणार. पुढची वीस मिनिटं माझा तुरुंग ओस पडला. कैदी, जेलर, कॅमेरामन आणि ज्ञानेश्वरच्या गोदामातली माणसं, सगळे त्यांच्याभोवती. माझा सख्खा भाऊ म्हणाला, "ताई, वांग्यांवालं एकदा बोलून दाखवा ना!" ज्या भावाला मी लहानपणी पाढे शिकवले!

मग सुनंदाताई माझ्याकडे वळल्या. पीठ लावलेल्या माझ्या तोंडाकडे बघून त्या प्रेमाने म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला सर्दी झालीय. भूत मी करू का? तुम्ही नुसतं डायरेक्शन करा."

"हो हो!" चहूकडून अकरा आवाज आले. त्यात किरणभाऊंचाही होता.

"छे छे ताई," मी म्हणाले, "एवढ्या लांबून आलात, दमला असाल. तुम्हाला मी झोपून करायचं काम देते."

मी त्यांना प्रेत केलं. बराक नंबर सहामध्ये मरून पडलेली कैदी. पांढरी चादर डोक्यापासून पायापर्यंत. चेहरा दिसायचा प्रश्नच नव्हता. सुनंदाताईंनी एका शब्दाने कुरकुर केली नाही, हे मला अजून खुपतं. माणसाने निदान रुसावं.

दृश्य असं होतं : खोलीत प्रेत, त्याच्याजवळ भूत उभं, आणि बाहेरून जेलर दाराला कुलूप लावते. किरणभाऊंनी खोलीत लग्नातला दिवा लावून एक कॅमेरा तिवईवर चालू ठेवला आणि दुसरा घेऊन ते बाहेर बोळात गेले. दारासाठी मी शाळेच्या जुन्या भांडारातलं भलंमोठं कुलूप आणलं होतं. नुसतं दाबलं की लागायचं. मला अस्सलपणा हवा होता ना.

मी आत जागेवर उभी राहिले. तेवढ्यात माझ्या पाठीमागून प्रमिलाबाई हळूच आत शिरल्या. मोबाईल पुढे करून त्या चादरीला म्हणाल्या, "ताई, एकच फोटो. तोंड उघडं करा ना जराखं."

"प्रमिलाबाई! तुम्ही बाहेर हव्यात!" मी ओरडले.

आणि खट्ट आवाज झाला. बाहेर किरणभाऊंनी कुलूप कॅमेऱ्यात कसं दिसतं ते पाहण्यासाठी दार ओढून ते दाबून पाहिलं होतं.

किल्ली कुठे होती, तर जुडग्यात. जुडगा प्रमिलाबाईंच्या कमरेला. आणि प्रमिलाबाई आत. जगातली ती पहिलीच जेलर असावी, जी किल्ल्यांसकट स्वतःच्या तुरुंगात अडकली.

मी शिक्षिका आहे. संकटात डोकं शांत ठेवायचं, असं मी मुलांना दरवर्षी सांगते. मी दार बडवू लागले. "ज्ञानेश्वर! उघड! मला श्वास घेता येत नाही!" श्वास छान येत होता, शिंकाही येत होत्या, पण दार इतकं जाड की बाहेरचं काही ऐकू येईना. मोबाईलला रेंज नाही. मी दारावर डोकं टेकलं, पीठ दाराला लागलं, आणि मी रडू लागले.

मग प्रमिलाबाई कमरेवर हात ठेवून, मंडळात त्या कधी बोलल्या नव्हत्या अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ओ माय! तू भूत शे ना? मंग दार कसाले ठोकी राह्यनी? भिंतमाईन निंघी जाय ना भाहेर! जाय, आनि आम्हनं कुलूप उघडी दे!"

चादरीखालचं प्रेत हलू लागलं. मग ते गदगदा हसलं आणि उठून बसलं. "वहिनी, कट झालं का?"

"ताई, आपण अडकलोय!"

सुनंदाताईंनी खोली पाहिली. वर हवा जायची चौकोनी झडप होती, ती त्यांना दोन क्षणांत दिसली. मला वीस मिनिटांत दिसली नव्हती. प्रमिलाबाईंनी मला खांद्यावर घेतलं, कारण तिघींत वजनाने मी कमी. त्यांच्या खांद्यावर बसून, केस मोकळे, तोंडाला अर्धवट पीठ, मी त्या झडपेतून हात बाहेर काढला आणि जुडगा खुळखुळवू लागले. पलीकडे केळीचे घड मोजणाऱ्या, ज्ञानेश्वरच्या गोदामातल्या वना काकांनी भिंतीतून आलेला तो पांढरा हात पाहिला. संपूर्ण शूटिंगमध्ये माझ्या भुताला घाबरलेला तो एकमेव माणूस. दुर्दैवाने तिकडे कॅमेरा नव्हता.

त्यांची ओरड ऐकून ज्ञानेश्वर धावत आला, तेव्हा मी जुडगा त्याच्याकडे टाकला. त्यात तेवीस किल्ल्या होत्या. लागली ती बाविसावी. कैदी साडेपाचला सुटले आणि घरी सगळ्यांनाच उशीर झाला.

पुढे लग्नसराई सुरू झाली. किरणभाऊंनी चित्रपट जोडून दिला तो थेट अंतिम तारखेच्या दुपारी, पेन ड्राइव्हमध्ये. न बघता मला तो धुळ्याला पाठवावा लागला. म्हणून बाकीच्या प्रेक्षकांबरोबरच मी तो पहिल्यांदा पाहिला, धुळ्याच्या सभागृहात, चारशे माणसांत. शेजारी हे, पलीकडे पिंप्राळ्याचं सबंध भजनी मंडळ, आणि पहिल्या रांगेत सुनंदाताई.

पडद्यावर 'बराक नंबर सहा' ही अक्षरं आली, त्यांच्याभोवती मोगऱ्याची वेल. नूतनच्या हातात गज वाकले. सभागृह हसलं. मोराचा स्वेटर आला. हसलं. मी भूत होऊन भिंतीमागून प्रकटले आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या, कारण किरणभाऊंच्या संगणकात नायिका प्रकटली की पडतातच. मी शिंकले. लोक खुर्च्यांवर हात आपटू लागले.

आणि मग तिवईवरच्या कॅमेऱ्यातलं सगळं आलं. माझं बडवणं, माझं रडणं, पीठ, सगळं.

"हे का ठेवलंत?" मी मागे वळून किरणभाऊंना विचारलं.

"मॅडम, लग्नात कोणाचंच काही कापत नसतो आम्ही. नंतर भांडणं होतात."

"भिंतमाईन निंघी जाय ना भाहेर!" पडद्यावर प्रमिलाबाई गरजल्या, आणि धुळ्याच्या त्या सभागृहात जे झालं ते मी सव्वीस वर्षांत कुठल्या स्नेहसंमेलनात पाहिलं नव्हतं. लोक उभे राहिले. माझ्या मागचा एक माणूस हसता हसता खोकून बाहेर गेला. मी पदर तोंडावर ओढून घेतला. हे माझ्या हातावर थोपटत होते, पण त्यांचा हातही हसण्याने हलत होता.

निकालाच्या वेळी परीक्षक म्हणाले, भय विभागात एकच प्रवेशिका आली, म्हणून समितीने ती विनोदी विभागात धरली आहे. मी ठरवलं, आता उठून सांगायचं. हा भयपट आहे. मी त्यात तारीख घातली आहे. आबांना साक्षीला बोलवते.

अभिनयाचं पारितोषिक प्रमिलाबाईंना मिळालं. त्यांनी मंचावर जाऊन सगळ्यांना हात जोडले. एका वाक्याची बाई. मी उठायचंच विसरले.

"आणि उत्कृष्ट विनोदी लघुपट..." परीक्षक थांबले.

पहिल्या रांगेत सुनंदाताईंनी पदर सावरला, पर्स शेजारी यजमानांकडे दिली आणि त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"...बराक नंबर सहा!"

सुनंदाताई अर्ध्या उठलेल्या तशाच राहिल्या. मग हळूच बसल्या. मी त्यांच्या शेजारून मंचाकडे गेले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून हसून दाखवलं. ओठ हसत होते, गाल हसत होते, डोळे मात्र कुठेतरी लांब अन्यायाकडे लागले होते. ते हसू मला ओळखीचं होतं. आरशात नाही कोणी पाहत ते, पण आतून त्याचा आकार पाठ असतो.

परीक्षकांनी माझ्या हातात चषक दिला आणि माईक पुढे केला. "मॅडम, भयपटाचा आव आणायचा आणि एवढं हसवायचं. ही कल्पना पहिल्यापासूनच होती का?"

माझ्या तोंडात खरं उत्तर तयार होतं. मी समोर पाहिलं. सुनंदाताई टाळ्या वाजवत होत्या, पण टाळ्यांचा आवाज येत नव्हता.

"पहिल्यापासूनच," मी म्हणाले.